कावळा, फांदी आणि जाहिरातीचा हिशेब

मार्च उजाडला की फोनच्या पडद्यावर हापूस दिसू लागतो. पिवळ्याधमक फळांचा फोटो, खाली ‘थेट बागेतून घरपोच’, त्याखाली व्हॉट्सअॅपचं बटण. देवगड, रत्नागिरी, राजापूरच्या कितीतरी बागायतदारांच्या घरात आता पुढची पिढी जाहिराती चालवते. वडील वाशीच्या बाजारात पेट्या पाठवायचे आणि दलालाच्या पट्टीची वाट पाहायचे. पट्टीवर भाव दलालानं लिहिलेला, तूट दलालानं धरलेली, हमाली-तोलाई वजा जाता उरलेली रक्कमही त्यानंच मांडलेली. त्यातून सुटायचं म्हणून मुलांनी थेट विक्री धरली, आणि त्यांच्या हाती नवी पट्टी आली. ही पट्टी जाहिरातीची जागा विकणारी कंपनी पाठवते. तिच्यावरचा भाव, माप आणि यश या तिन्ही गोष्टी कंपनीच लिहिते.

या पट्टीवरचे शब्द म्हणजे इम्प्रेशन, रीच, सीटीआर, सीपीसी, लीड, कन्व्हर्जन, रोआस. ते शिकायला अवघड नाहीत, एका दुपारचं काम आहे. ते शिकवणारे क्लास आणि व्हिडिओ महाराष्ट्रात गावोगावी पोचले आहेत. पण बहुतेक ठिकाणी शब्दांचे अर्थ सांगून शिकवणी संपते, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते. हे सगळे शब्द जाहिरातीनंतर काय झालं ते मोजतात. जाहिरातीमुळे काय झालं, ते यातला एकही शब्द मोजत नाही. या दोन गोष्टींत जेवढं अंतर आहे, तेवढे पैसे छोट्या धंदेवाल्याच्या खिशातून दर महिन्याला निघून जातात.

आकडे घेऊन पाहू. आकडे मानलेले आहेत, पण गणित खरं आहे. एका बागायतदारानं एप्रिलमध्ये जाहिरातीवर ५०,००० रुपये घातले. हजार वेळा जाहिरात दाखवायचा भाव, म्हणजे सीपीएम, १०० रुपये पडला. म्हणजे पाच लाख वेळा जाहिरात दाखवली गेली. ही झाली इम्प्रेशन्स. ती सव्वा लाख माणसांना दाखवली, हा रीच. प्रत्येकाला सरासरी चार वेळा दिसली, ही फ्रिक्वेन्सी. शंभर वेळा दाखवल्यावर एकदा कुणीतरी बोट लावलं, म्हणजे सीटीआर एक टक्का आणि क्लिक ५,०००. एका क्लिकची किंमत, सीपीसी, १० रुपये. वेबसाइटवर आलेल्या दर शंभरातल्या दोघांनी पेटी घेतली, म्हणजे कन्व्हर्जन १००. पेटी २,५०० रुपयांची, विक्री अडीच लाखांची. अडीच लाख भागिले पन्नास हजार, म्हणजे रोआस पाच. एक रुपया घातला, पाच रुपये आले, असं पडद्यावर हिरव्या अक्षरांत दिसतं, आणि पुढच्या महिन्याचं बजेट दुप्पट होतं.

आता घरचा हिशेब करू. फळ, खोका, पेंढा, गाडीभाडं, वाटेत खराब झालेली फळं बदलून देणं, हे सगळं धरून २,५०० च्या पेटीला २,००० रुपये खर्च आला, तर हाती ५०० उरतात. शंभर पेट्यांचे ५०,०००. म्हणजे रोआस पाच असतानाही सगळी कमाई जाहिरातीत गेली. शिवाय जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी आहे. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवर भरलेला कर आंबा विकणाऱ्याला परतही मिळत नाही. बिल ५९,००० चं होतं आणि बागायतदार ९,००० रुपयांनी खाली येतो. रोआस विक्रीकडे पाहतो, नफ्याकडे पाहत नाही. बी-बियाण्याचा खर्च न धरता पिकाचे पैसे मोजणारा शेतकरी सापडायचा नाही, पण जाहिरातीच्या बाबतीत हेच रोज चालतं. आणि हा तोटा कधी, तर शंभरच्या शंभर पेट्या जाहिरातीमुळेच गेल्या असं धरलं तर.

ते धरणं कितपत बरोबर, हे पाहण्याआधी ‘दाखवली’ म्हणजे काय, ते बघायला हवं. अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिल या संस्थेनं २०१४ साली एक निकष ठरवला: जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असला की ती ‘बघण्याजोगी’ झाली. व्हिडिओ असेल तर दोन सेकंद. हा निकष आला तो त्याआधीची स्थिती याहून वाईट होती म्हणून. पानाच्या तळाशी, जिथवर वाचक पोचलाच नाही तिथे उमटलेली जाहिरातही तोवर बिलात धरली जायची. फेसबुकवर व्हिडिओ तीन सेकंद चालला की ‘व्ह्यू’ धरला जाई. अंगठ्यानं पडदा सरकवताना तीन सेकंद सहज जातात.

क्लिक हे माप त्यामानानं प्रामाणिक आहे, कारण तिथे माणसानं काहीतरी केलेलं असतं. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. त्यातली एटी अँड टी कंपनीची जाहिरात अजून सांगितली जाते, कारण ती पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी तिच्यावर क्लिक केलं होतं. नव्याची नवलाई ओसरल्यावर हा आकडा एक टक्क्याच्या आसपास आणि पुढे त्याच्याही खाली आला. मग १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’नं शोधाच्या निकालांतली जागा लिलावानं विकायला काढली, आणि पैसे क्लिक झालं तरच. गूगलनं २००० साली आपली अॅडवर्ड्स सेवा सुरू केली, २००२ मध्ये तीच क्लिकवर आधारित लिलावाची पद्धत तिथे आणली, आणि नुसती बोली मोठी असून भागणार नाही, जाहिरात लोकांच्या उपयोगाचीही हवी, अशी अट घातली. याचं श्रेय द्यायलाच हवं. वर्तमानपत्राचं पहिलं पान ज्यांना कधीच परवडलं नसतं, असे येवल्याचे पैठणी विणणारे, सांगलीचे बेदाणेवाले, घरगुती लाडू-चिवडा करणाऱ्या बायका दिवसाला दोन-तीनशे रुपयांत गिऱ्हाइकापर्यंत पोचल्या. ऑनलाइन जाहिरात बंद करा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ती इतकी उपयोगाची आहे म्हणूनच तिचं माप चोख हवं.

खरी गडबड कन्व्हर्जनपाशी आहे. बागायतदाराच्या वेबसाइटवर कंपनीचा एक छोटा कोड बसवलेला असतो. त्याला पिक्सेल म्हणतात. कुणी ऑर्डर दिली की पिक्सेल कंपनीला कळवतो, आणि कंपनी आपल्या वहीत पाहते: या माणसाला आपण जाहिरात दाखवली होती का? फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या जाहिरात खात्यात नेहमीची मुदत अशी असते: जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत, किंवा नुसती पाहून एका दिवसात, खरेदी झाली तर ती जाहिरातीच्या खात्यावर जमा. दादरच्या काकू गेली कित्येक वर्षं याच बागेतून आंबे मागवतात. अक्षय्य तृतीयेला पेटी हवीच असते. ऑर्डर द्यायच्या आदल्या रात्री त्यांच्या फोनवर ती जाहिरात सरकून गेली. सकाळी त्यांनी ऑर्डर दिली. झालं एक कन्व्हर्जन. त्याच सकाळी त्यांनी गूगलवर बागेचं नाव शोधलं आणि वरची जाहिरातवाली ओळ दाबली असेल, तर गूगलही तीच पेटी आपल्या नावावर मांडतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा हा व्यवहार आहे. फरक एवढाच की इथे दोन पारधी एकच ससा आपापल्या बिलात दाखवू शकतात, आणि दोन्ही बिलं काकूंच्या बागायतदारानंच भरायची.

जाहिरात नसती तरी ही विक्री झालीच असती, ही शंका नवी नाही, आणि ती नुसती शंकाही राहिलेली नाही. ईबे या अमेरिकन कंपनीनं स्वतःच्या पैशांवर तिची परीक्षा घेतली. ती हकीगत जाहिरातीवर पैसे घालणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. ईबे गूगलला आणि इतरांना शोध-जाहिरातींसाठी प्रचंड पैसे देत होती. त्यातला एक भाग ‘ईबे’ हाच शब्द शोधणाऱ्यांना ईबेची जाहिरात दाखवण्यासाठी जात होता. टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टडेलिस हे अर्थशास्त्रज्ञ तेव्हा ईबेत होते. त्यांनी विचारलं: जो माणूस ईबेचंच नाव टाइप करतोय, तो जाहिरात नसती तर कुठे गेला असता? मार्च २०१२ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधसेवांवर अशा जाहिराती थांबवल्या, गूगलवर चालू ठेवल्या. जाहिरातीतून येणारे क्लिक अर्थातच बंद झाले. पण त्यातले ९९.५ टक्के लोक जाहिरातीखालच्या फुकटच्या दुव्यावरून ईबेवर आलेच. माणसं यायची थांबली नाहीत, फक्त त्यांच्या येण्याचे पैसे द्यायचे थांबले.

मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. ईबेचं नाव नसलेल्या, नुसत्या वस्तूंच्या शब्दांवरच्या गूगल जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत बंद केल्या, बाकी भागांत चालू ठेवल्या आणि दोन्हीकडच्या विक्रीची तुलना केली. विक्रीत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. नेहमीच्या हिशेबानं याच जाहिरातींवर भरघोस परतावा दिसत होता. प्रयोगाच्या हिशेबानं कंपनी तोट्यात होती. हे संशोधन २०१५ साली ‘इकोनोमेट्रिका’ या मान्यवर नियतकालिकात छापून आलं. त्यात एक बारकावा आहे आणि तो वगळून ही गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल: ज्यांनी ईबेवरून आधी कधी खरेदी केली नव्हती किंवा क्वचितच केली होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर झाला नाही. आणि खर्चाचा मोठा हिस्सा या नेहमीच्यांवरच होत होता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो तेव्हा फांदी कावळ्यानं मोडली असं कुणी मानत नाही. रोआसच्या हिशेबात मात्र फांदी दर वेळी कावळ्याच्याच नावावर लिहिली जाते. बागायतदाराच्या शंभर पेट्यांपैकी सत्तर जुन्या गिऱ्हाइकांनी घेतल्या आणि त्यांनी एरवीही घेतल्याच असत्या, असं धरा. मग जाहिरातीनं आणलेल्या पेट्या तीस. त्यांची विक्री ७५,०००, नफा १५,०००, आणि बिल ५९,००० चं. पडद्यावरचं पाच हिरवंच राहतं, कारण त्या सत्तर पेट्या त्यात धरलेल्या आहेत. बागायतदार ४४,००० रुपयांच्या खड्ड्यात आणि जाहिरात ‘यशस्वी’.

यात कुणी मुद्दाम फसवतंय असं मला म्हणायचं नाही. यंत्रणेची घडणच अशी आहे. जाहिरात लावताना आपण ‘कन्व्हर्जन’ हे उद्दिष्ट निवडतो, म्हणजे विकत घेण्याची शक्यता जास्त असलेली माणसं शोधायला यंत्राला सांगतो. यंत्र ते काम उत्तम करतं. पण विकत घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुणाची? ज्यानं आधीच घ्यायचं ठरवलंय त्याची. रिमार्केटिंगमध्ये हे अगदी उघड दिसतं. वेबसाइटवर येऊन पेटी ‘कार्ट’मध्ये टाकून गेलेल्या माणसाला पुढचे आठ दिवस जिथे तिथे तीच पेटी दाखवायची. असा माणूस घेतोच बऱ्याचदा, म्हणून रिमार्केटिंगचा रोआस सगळ्यात देखणा असतो आणि एजन्सीवाले तो आकडा पहिल्या पानावर ठेवतात. ‘ज्यांनी एरवी घेतलं नसतं अशी माणसं शोध’ असं आपण यंत्राला सांगितलेलंच नसतं.

लीडचा प्रकार तर याहून ढोबळ आहे. पुण्यातले बिल्डर, क्लासवाले, विमा विकणारे लीडमागे, म्हणजे चौकशी करणाऱ्याच्या नाव-नंबरामागे, पैसे मोजतात. फॉर्ममध्ये नाव आणि नंबर फोननंच आधी भरून ठेवलेला असतो. दोनदा बोट टेकलं की लीड तयार. मग विक्रीवाला फोन करतो तेव्हा समोरचा म्हणतो, मी कधी विचारलं होतं? तरीही महिन्याच्या अहवालात ‘लीड वाढले, दर लीडचा खर्च घटला’ हीच बातमी असते.

यावर धंद्यातल्या लोकांचं एक उत्तर असतं, आणि ते वजनदार आहे. ते म्हणतात, स्वतःच्या नावावर मी बोली लावली नाही तर प्रतिस्पर्धी लावेल आणि माझं गिऱ्हाईक पळवेल. हे घडतं. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ हे नाव वापरणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात गूगलला सांगितलं की ट्रेडमार्क असलेला शब्द जाहिरातीसाठी विकताना तुम्ही नुसते त्रयस्थ मध्यस्थ नाही. त्या शब्दाच्या वापरातून ग्राहकाची दिशाभूल होत असेल, तर जबाबदारी टळत नाही. पण न्यायालयानं अशा बोलीला सरसकट बंदी घातलेली नाही. म्हणून काही धंद्यांना स्वतःच्या नावासाठी पैसे भरणं खरोखर भाग पडतं. ठीक आहे, भरावेत. फक्त त्या खर्चाला राखणीचा खर्च म्हणावं आणि वाढीच्या रकान्यात लिहू नये. राखण किती लागते, हेही ईबेसारखं थांबवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या कंपन्यांना हे कळलेलं आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलनं २०१७ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरचा दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च कापला, आणि विक्रीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही असं कंपनीनंच सांगितलं. त्यांच्याकडे हे तपासायला माणसं आहेत. बागायतदाराकडे नाहीत, त्याच्याकडे फक्त पट्टी आहे.

आणि पट्टी लिहिणारा चुकतोही. फेसबुकनं २०१६ साली कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो, याचा आकडा ते दोन वर्षं फुगवून सांगत होते. तीन सेकंदांच्या आत सोडून दिलेले व्हिडिओ त्यांनी भागाकारात धरलेच नव्हते. जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये चार कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१७ साली एका विश्लेषकानं दाखवून दिलं की अमेरिकेतल्या १८ ते २४ वयाच्या चार कोटी दहा लाख लोकांपर्यंत पोचवू असं फेसबुक सांगतं, तर जनगणनेच्या आकड्यांप्रमाणे त्या वयाची माणसं देशात तीन कोटी दहा लाखच आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयानं निकाल दिला की संकेतस्थळांवरच्या जाहिरातींच्या व्यवहारात गूगलनं बेकायदा मक्तेदारी राखली आहे. जागा विकणाऱ्याचं साधन आणि लिलावाचा बाजार, दोन्ही एकाच हाती बांधलेले होते.

वर्तमानपत्रांच्या धंद्यानं हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. १९४८ साली मुंबईत ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाला. प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था असे तिन्ही पक्ष त्यात बसले. खपाचा आकडा संपादकानं किंवा मालकानं सांगायचा नाही. कागद किती आला, किती अंक छापले, किती परत आले, हे हिशेबनीस तपासणार आणि दर सहा महिन्यांनी प्रमाणपत्र देणार. हा आकडा काही देववाणी नव्हता, पण तो जागा विकणाऱ्याचा नव्हता. दूरचित्रवाणीच्या टीआरपीत ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी घोटाळ्याची तक्रार नोंदवली, तेव्हा टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले, आणि ते २०२२ च्या मार्चपर्यंत बंद होते. ती व्यवस्था डागाळली हे खरं. पण मापणारा वेगळा होता, म्हणून बोट दाखवायला जागा होती आणि आकडे थांबवताही आले. ऑनलाइन जाहिरातीत मात्र विकणारा, मोजणारा आणि लिलाव चालवणारा बहुतेक वेळा एकच असतो. बाहेरच्या मोजणी-संस्था आहेत, पण त्यांचा खर्च मोठ्या जाहिरातदारालाच झेपतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या कुंपणाच्या आत त्यांना तेवढंच दिसतं जेवढं कंपनी दाखवते. बागायतदारांच्या सहकारी संस्था, आंबा उत्पादक संघ, व्यापारी महासंघ यांनी अशा त्रयस्थ मोजणीचा आग्रह धरायला हवा. एकटा सदस्य कंपनीशी बोलू शकत नाही, हजार सदस्यांच्या वतीनं बोलता येतं.

एजन्सीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. बऱ्याच एजन्सी जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाच्या टक्केवारीत आपला मोबदला घेतात. खर्च कमी करा असा सल्ला दिला तर त्यांचीच कमाई घटते. असा सल्ला देणारी माणसं आहेत, मी त्यांना ओळखतो आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण करार करताना ठरावीक मासिक रक्कम ठरवावी, टक्केवारी नको. जाहिरात खातं आणि पिक्सेल एजन्सीच्या नव्हे, स्वतःच्या नावावर ठेवावेत, नाहीतर एजन्सी बदलताना सगळा जुना हिशेब तिच्याबरोबर जातो.

मोठ्या कंपन्यांसारखी प्रयोगशाळा नसली तरी ईबेचा प्रयोग देवगडला करता येतो. समजा पुणे आणि नाशिक या दोन्ही शहरांत तुमचं गिऱ्हाईक आहे. गेल्या हंगामात दोन्हीकडे आठवड्याला किती पेट्या गेल्या ते वहीत आहेच. या हंगामात तीन आठवडे नाशिकमधली जाहिरात पूर्ण बंद ठेवा, पुण्यातली चालू ठेवा. अक्षय्य तृतीयेचा आठवडा यात घेऊ नका, त्या वेळी सगळीकडेच मागणी उसळते आणि काही कळत नाही. नाशिकची विक्री पुण्याच्या तुलनेत किती घसरली, तेवढीच जाहिरातीची कमाई. पुढच्या वेळी शहरं उलटी करून पुन्हा पाहा. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी खात्यात चढवून त्यांना जाहिरात दाखवूच नका, अशी सोय गूगल आणि मेटा दोघांकडेही आहे. तुमची काकू त्या यादीत घाला. तिला हंगामाच्या सुरुवातीला एक फोन करा, तेवढ्यावर ती पेटी घेते. आणि नव्या गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर आली की गाडी निघण्याआधी विचारा, आमच्याबद्दल कुठून कळलं? उत्तर काहीही असो, बहिणीनं सांगितलं, शेजाऱ्यांच्या घरी खाल्ला, फोनवर दिसला, ते पेटीच्या नंबरासमोर वहीत लिहून ठेवा.